वापर शून्य

मी एक पुस्तक बोलतोय. नाव ‘प्रयोगशाळेतील काचकाम’, पानं दोनशे सोळा, मुक्काम कॉलेजच्या ग्रंथालयात, शेवटच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. आवाज कापतोय, तिकडे दुर्लक्ष करा. माझ्या पाठीवरून बोट फिरवलंत तर एक चिकट गोल लागेल. तिथे लाल ठिपका होता. तो काढला, पण त्याची भीती काही निघाली नाही. अजूनही सुतळीचं बंडल दिसलं की माझी पानं गारठतात.

मला लिहिलं एका काचकारागिरानं. नळ्या फुंकण्यात आणि चंबू जोडण्यात त्याचा जन्म गेला. हात थरथरायला लागले तेव्हा त्यानं हातातली विद्या कागदावर उतरवली. शाईचा वास जायच्या आत इथल्या रसायनशास्त्राच्या तेव्हाच्या प्रमुखांनी मला आणलं. सुरुवातीची वर्षं मजेत गेली. मग बाजारात तयार काचसामान स्वस्तात मिळू लागलं आणि विद्यार्थी माझ्याकडे फिरकेनासे झाले.

उरला एकच माणूस. प्रयोगशाळेतली फुटकी काच जोडणारा. सगळं कॉलेज त्याला फुंकरमामा म्हणतं. कुठे नळी तडकली की मामा दुपारच्या सुट्टीत यायचा, माझ्यासमोर फरशीवर मांडी घालायचा आणि चौऱ्याऐंशीवं पान उघडायचा. जोडलेली काच किती वेळ, किती हळूहळू गार करायची, याचा तक्ता तिथे आहे. तीस वर्षं हेच काम केल्यावर तो पाठ नसेल का? होताच. ग्रंथालयात पुस्तकं लावणाऱ्या मावशींनी एकदा विचारलंसुद्धा. तर म्हणाला, पाठ आहे म्हणूनच बघून घेतो, डोक्यावर विसंबलं की घात होतो. खरंच होतो. घाईनं गार केलेली काच त्या दिवशी शहाण्यासारखी गप्प बसते आणि चार महिन्यांनी, आत आम्ल उकळत असताना, कुणाच्या तरी लेकीच्या हातात तडकते.

मामा मला घरी किंवा कामाच्या खोलीत कधी नेत नसे. तिथे सदा ज्योत पेटलेली, कागदाला धोका. इथेच वाचायचा आणि मला परत खणात, होतो तस्साच ठेवायचा. खरं तर टेबलावर पाटी आहे, ‘वाचलेली पुस्तके येथेच ठेवावीत, जागेवर लावू नयेत.’ पण मावशींचे गुडघे दुखतात. खालच्या खणाशी वाकताना त्या कपाट धरून ‘आई गं’ म्हणतात. मामानं ते ऐकलं आणि तेव्हापासून पाटीकडे काणाडोळा केला. असा भला माणूस. त्याच्या या भलेपणापायीच माझ्यावर मरायची वेळ आली.

झालं असं, की नव्या ग्रंथपालबाई आल्या. कपाटं गच्च भरलेली, नव्या पुस्तकांना बोटभर जागा नाही. बाईंनी मागच्या पाच वर्षांच्या वापराचे आकडे काढले. पुस्तक घरी नेलं तर एक नोंद. टेबलावर सापडलं, मावशींनी त्यावर यंत्र धरलं आणि ते टुक् वाजलं, तर एक नोंद. पाच वर्षांत एकही नोंद नसेल ते पुस्तक बाद, त्याच्या पाठीवर लाल ठिपका. आणि बाद म्हणजे आधी सुतळी, मग गाडी, मग कारखान्यातला पाण्याचा हौद आणि लगदा.

माझ्या नावापुढे आकडा होता शून्य.

ठिपका लागला त्या दिवशी मला ओरडायचं होतं. अहो, चौऱ्याऐंशीवं पान उघडा, अंगठ्याचे डाग मोजा! पण मिटलेल्या पुस्तकाला तोंड कुठलं? सोमवारी माझ्या शेजारचा रंगद्रव्यांचा जाडजूड ग्रंथ गेला. वीस वर्षं खांद्याला खांदा लावून उभे होतो आम्ही. जाताना त्याचं एक पान फाटल्याचा आवाज आला, तो अजून कानात आहे. गुरुवारी माझी पाळी आली. सुतळी आवळली आणि मला दाराशी उपडं टाकलं. गाडी चारला येणार होती.

तीनच्या सुमारास मामाची पावलं ऐकू आली. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आणि ऊर्ध्वपातनाची नळी तडकलेली. तो तडक माझ्या खणाकडे गेला. रिकाम्या लाकडावर त्याचा हात पार आतपर्यंत फिरत राहिला. मी इथे आहे, इथे, दाराशी, असं मी जिवाच्या आकांतानं म्हणत होतो. मग तो बाईंच्या टेबलापाशी आला.

“मॅडम, खालच्या खणातलं काचेचं पुस्तक कुठंय?”

“ते बाद केलंय. पाच वर्षांत कुणी हात लावला नाही त्याला.”

“मी लावतो की. गेल्या मंगळवारीच लावला.”

“मग टेबलावर का नाही ठेवलंत?”

मामानं मान खाली घातली. “मावशींचे गुडघे दुखतात,” तो म्हणाला.

मावशींनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. बाई उठल्या, त्यांनी स्वतः सुतळी कापली आणि मला हातावर घेतलं. मी आपोआप चौऱ्याऐंशीव्या पानावर उघडलो. सवयच आहे मला. डागांवर डाग, कडा पिवळ्या पडलेल्या. बाईंनी त्या डागांवरून बोट फिरवलं.

“सोमवारच्या गाडीत किती गेली?” त्यांनी विचारलं.

“एकशे चाळीस,” मावशी म्हणाल्या.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी गाडी परत पाठवली. दाराशी पडलेलं एकेक पुस्तक त्या उघडून बघत राहिल्या. पण गेलेली एकशे चाळीस काही उघडून बघता येणार नव्हती.

आता मामा मला आठवणीनं टेबलावर ठेवतो. मावशी यंत्र धरतात, टुक् वाजतं, आणि त्या कपाट धरून वाकतात. मला फार वाईट वाटतं, पण खोटं कशाला बोलू, त्या ‘टुक्’वरच मी जगतो. आणि तरीही धाकधूक संपत नाही. परीक्षा झाल्या की मामा निवृत्त होणार. त्याच्या जागी कुणाला घेणार नाहीत, असं कानावर आलंय. मग पुन्हा पाच वर्षं मोजली जातील.

म्हणून तुम्हाला हात जोडतो. कधी आलात तर शेवटच्या कपाटापाशी खाली बसा, मला उघडा, दोन ओळी वाचा. आणि तुम्ही कितीही नीटनेटके असलात, तरी जाताना मला जागेवर ठेवू नका. टेबलावर तसंच टाकून जा.