धानात पुरलेली पेटी

मित्रांनो, मी करडी गावच्या दंडारीची जुनी पेटी आहे. काही शिकलेले लोक मला हार्मोनियम म्हणतात, पण त्या नावाने मला परगावची असल्यासारखे वाटते. माझ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, भात्याला दोन ठिगळे आहेत आणि स्वभाव जरा कुरकुरा झाला आहे. तरी माझे ऐकून घ्या.

नागपूरच्या एका मिस्त्रीने मला सागवानात घडवले आणि एकेरी पितळी सूर बसवले. करडीत आले ती श्यामराव मास्तरांच्या हाती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि भर दुपारी दंडार उभी राहते. नाच, गाणी, सोंगे, आणि कडेला मी. वीस वर्षे मास्तरांनी मला वाजवले. "पेटी बोलून राहिली," असे लोक म्हणत, आणि मी फुगून जाई. फुगणे हा माझा धंदाच आहे.

१९७७ च्या उन्हाळ्यात मास्तरांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. उजव्या हाताची बोटे शाबूत राहिली, पण भाता मारणारा डावा हात लुळा पडला. दंडारीचे मालक पुंडलिकराव यांनी तुमसरचा एक पेटीवाला शोधला. तो यायला तयार होता, पण बदल्यात मलाच मागत होता. तेव्हा इतकी वर्षे मागे उभा राहून झांज वाजवणारा केवळराम पुढे आला. धानाची शेती करणारा, चाळिशीचा माणूस.

"मी शिकतो," तो म्हणाला. सगळे हसले. खरे सांगते, मलाही हसू आले.

पुंडलिकराव हसले नाहीत. "मंडईले नीट वाजवलं तं पेटी तुयापाशी राहीन. अडखळला तं पेटी तुमसरले जाईन."

मास्तरांनी त्याला एकच गोष्ट बजावली. "रोज पाच मिनटं वाजव. जास्त नोको. पन आंग दुखो का पाहुना येवो, पाच मिनटं सोडू नोको."

त्याची बोटे नांगराची. एक पट्टी दाबायला जावे तर दोन दबत, आणि मी किंचाळे. चार दिवसांत तो कंटाळला. तेव्हा त्याच्या बायकोने, रत्नाबाईने, मला त्याच्या जेवायच्या पाटावरच ठेवायला सुरुवात केली. मला उचलल्याशिवाय त्याला बसता येईना. उचललीच आहे तर पाच मिनिटे होऊन जात. दीड महिन्यात त्याला गण वाजवता येऊ लागला.

मग आषाढात धानाची रोवणी लागली. दिवसभर चिखलात बोटांची सालटे निघत. तो घरी येई आणि भिंतीला टेकून म्हणे, "उद्या." त्या उद्याला तीन महिने लागले. त्याला माझी काळजी नव्हती असे नाही. पावसाची ओल लागू नये म्हणून त्याने मला धोतराच्या फडक्यात गुंडाळले आणि ढोलीत, म्हणजे शेणाने लिंपलेल्या बांबूच्या कोठीत, धानात पुरून ठेवले. आमच्याकडे जपायची वस्तू धानातच ठेवतात. आत ऊब होती, धान्यात होणारी बारीक पाखरे होती आणि काळोख होता. मंडई जवळ येत होती, आणि मला सांगता येत नव्हते.

दसऱ्याला त्याने मला बाहेर काढले. काळी चारची पट्टी दाबली. आवाज नाही. आमची दंडार काळी एकमध्ये गाते, तेव्हा काळी चार म्हणजे तिचा पंचम. तोच गेला होता. केवळराम डोके धरून बसला.

"जपतो जपतो म्हनता मी तिले मारूनच टाकली," तो म्हणाला. "आता नाई होत माह्याकडून."

"मारली अशीन तं तुमीच उठवा," रत्नाबाई म्हणाली. "पाटावर ठेवली हाये. उचलाल तवा वाढीन."

मास्तर काठी टेकत आले. "पंचम नाई तं खालच्या सप्तकातला घे. पन वाजवनं बंद नोको करू." पंधरा दिवस तो मुक्या पट्टीला वळसा घालून खालचा पंचम घेत राहिला, रोज पाच मिनिटे. मग मास्तरांच्या देखरेखीखाली त्याने मला उघडले. पितळी जिभेत धानाचे कुसळ अडकले होते. त्याने ते खराट्याच्या काडीने काढले, आणि मी बोलले.

मंडईच्या दिवशी पहिल्याच रांगेत तुमसरचा पेटीवाला बसला होता. मांडीवर मला गुंडाळून न्यायची चादर होती. गण सुरू झाला. दुसऱ्या कडव्याला माझ्या भात्याच्या तळाशी लपलेले आणखी एक कुसळ वाऱ्याबरोबर उठले आणि काळी चारमध्ये जाऊन बसले. मला ते आधी कळले. मी भीतीने गार झाले. गाणाऱ्याने पंचमासाठी श्वास घेतला. केवळरामने पट्टी दाबली. काहीच नाही.

त्याचे डोळे थिजले. पण बोट थांबले नाही. ते खालच्या पंचमावर जाऊन पोचले होते. केवळरामला विचारून गेले नव्हते, सवयीने गेले होते. गाणे पुढे चालू राहिले. गर्दीत मास्तरांखेरीज एकालाच कळले. तुमसरचा पेटीवाला गालात हसला, चादर खांद्यावर टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रत्नाबाईने मला पाटावर ठेवले. केवळराम धानाच्या बांधीतून आला आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. मंडईपेक्षा मी त्या क्षणी जास्त घाबरले होते. आता कोणाची अट नव्हती, पुढची मंडई वर्षभर लांब होती. ढोली कोपऱ्यात होती.

तेवढ्यात दारात काठी वाजली. मास्तर आत आले, माझ्यासमोर बसले आणि त्यांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. "भाता तू मार, केवळराम. आज पाच मिनटं माही."

केवळराम पलीकडून बसला आणि त्याने भाता मारला. मास्तरांची बोटे आधी पट्ट्या चाचपत राहिली, मग धावू लागली. पाच मिनिटे केव्हाच होऊन गेली. त्या दिवशी रत्नाबाईने वाढायची घाई केली नाही.

त्याला अकरा वर्षे झाली. मास्तर आता नाहीत. केवळरामची पाच मिनिटे चालू आहेत. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी पेटी, एखादी बासरी कापडात नीट गुंडाळून ठेवलेली असेल. तिला विचारा, ती हेच सांगेल. मी झिजले तरी चालेल, ठिगळे लागली तरी चालतील, पण मला जपून ठेवू नका. आज जेवायला बसण्याआधी मला उचला.