डाव्या डोळ्याची बोली

"तुळशीमावशी! पाच टोपल्या वाकट्या, तुळशीमावशी!"

लिलाव पुकारणाऱ्या कुलदीपने हातातली काठी टोपलीच्या काठावर आपटली आणि बोली पक्की झाली. तुळशीने मागे वळून पाहिलं. न जाणो, दुसरी कुणी तुळशी येऊन उभी राहिली असेल. मागे बर्फाची गाडी होती आणि गाडीखाली एक कुत्रं झोपलं होतं. बस्स.

"मना?" ती म्हणाली.

"तुलाच गो. खूण केलीस ना?"

"मी? कवा?"

एवढं पुरे होतं. बाया खुदखुदायला लागल्या. पाच टोपल्या वाकट्या! त्या पट्ट्यासारख्या लांबलचक, चंदेरी, काट्यांनी भरलेल्या मासळीला त्या दिवशी कुणी ढुंकून बघत नव्हतं. आणि घेतल्या कुणी, तर पापलेट-सुरमईशिवाय टोपलीला हात न लावणाऱ्या तुळशीने!

मुरुडच्या या बंदरावर बाया लिलावात तोंड उघडत नाहीत. प्रत्येकीची एक खूण असते. कुणी कानाची पाळी ओढते, कुणी पदर डोक्यावरून मागे सारते. ती खूण फक्त लिलाव पुकारणाऱ्याला ठाऊक. शेजारणीला नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. आपण कशावर टपलोय ते कळलं की शेजारीण मुद्दाम दर चढवते, म्हणून ही सगळी काळजी. बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे येते, तशी खूणही येते. तुळशीला सासूने एक्केचाळीस वर्षांपूर्वी दिलेली खूण म्हणजे डावा डोळा मिटायचा. सावकाश मिटायचा, आणि उघडायचा. तेवढ्यावर तिने हजारो टोपल्या उचलल्या होत्या, दोन पोरींची लग्नं केली होती, मुलाला, निकेशला, होडी घेऊन दिली होती. आणि एवढ्या वर्षांत एकदाही चूक नाही.

कुलदीप जवळ आला, आवाज उतरवून म्हणाला, "मावशी, चुकून झालं असंल तर सांग. पुन्यांदा लावतो."

बोलला बिचारा चांगल्या मनाने. पण बोली फिरवणाऱ्या बाईची खूण जाते, हे त्यालाही ठाऊक होतं. मग तिने दुसरीच्या मागे उभं राहायचं आणि ती टाकेल ती मासळी घ्यायची. तुळशीने अशा दोघी पाहिल्या होत्या. दोघींनी वर्षाच्या आत बाजार सोडला होता.

"असूंदे रे," बाजारात तुळशीच्या शेजारी बसणारी कल्पिता पुढे होऊन म्हणाली. वय तिशीचं, पण जीभ पन्नाशीची. "आत्येच्या डोळ्यांचं आपरेशन झालंय. म्हातारपणी होतं असं. बिचारीला कशाला त्रास?"

बिचारी! तुळशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोण बिचारी? कोण म्हणतं चुकून?" ती कडाडली. "मना पाहिजेत वाकट्या. सुकवीन न्हायतर माळा करून गळ्यात घालीन. तुना काय करायचंय? उचला रे टोपल्या!"

टोपल्या उचलल्या गेल्या. पण टेम्पोत बसल्यावर ती सकाळचा लिलाव पुन्हा पुन्हा आठवून बघू लागली. आपण खूण केलीच नाही, हे ती देवाची शपथ घेऊन सांगू शकली असती. आणि कुलदीप खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. मग झालं काय? डोकं फिरलं की काय आपलं?

दुपारी अंगणात बांबूच्या दांड्यांवर वाकट्या टांगायचं काम निघालं. सून हेतल काशीदला एका लॉजवर कामाला होती. तिला सुट्टी होती, तीही पदर खोचून मदतीला आली.

आता त्या ऑपरेशनचंही सांगायला हवं. अलिबागच्या क्रांती डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "आजी, मोतीबिंदू काढून लेन्स बसवू. लांबचं स्वच्छ दिसेल, जवळचं बघायला चष्मा लागेल."

"चष्मा नको," तुळशी म्हणाली होती.

"का हो?"

"बाय माझे, दिवसभर हात मासळीत. चष्मा नाकावरनं घसरला तर कोणत्या हातानं वर करू? आणि काचेवर खवले उडाले तर पुसू कशानं?"

डॉक्टरीण पोट धरून हसली. मग म्हणाली, दुसरा एक उपाय आहे. उजवा डोळा लांबचं बघेल, डावा जवळचं बघेल, चष्म्याची गरज फारशी पडणार नाही. फक्त मेंदूला सवय व्हायला दोनतीन महिने लागतात, तेवढा धीर धरायचा. अगदीच बारीक अक्षरासाठी एक चष्मा देऊन ठेवते. तुळशीने तो चष्मा डबीसकट कपाटात टाकला आणि वर कुलूप लावलं.

पट्टी सुटली त्या दिवशी ती खुळ्यासारखी घरभर फिरली होती. पिवळट वाटणारी भिंत पांढरीशुभ्र निघाली. जी साडी ती राखाडी म्हणून नेसत होती ती चक्क जांभळी होती. उजव्या डोळ्याला खाडीपलीकडच्या माडांच्या झावळ्या दिसत होत्या, डाव्याला आपल्याच बोटांवरच्या कापल्याच्या जुन्या खुणा. पण हातभर अंतरावर सगळा घोळ. चहा कपाच्या शेजारी ओतला जाई. पायरी असे तिथे पाय पोचत नसे. दीड महिना झाला तरी दोन डोळ्यांचं भांडण मिटलं नव्हतं.

वाकटी टांगतानाही तेच. दांडी इथे दिसायची आणि हात तिथे जायचा. एक वाकटी खाली पडली, दुसरी पडली. तिसरी तुळशीने चिडून फेकलीच.

हेतल मघापासून बघत होती. "आई, एक इचारू? तुम्ही लांबचं बघताना सारखा डावा डोळा का मिटता?"

"कोण? मी?"

"आत्ताबी मिटलात. ती होडी बघितलीत तवा. महिनाभर बघतेय मी."

तुळशीच्या हातात वाकटी तशीच लोंबकळत राहिली. तिने समुद्राकडे पाहिलं. होडी धूसर होती. डावा डोळा आपोआप मिटला, तशी होडी लख्ख झाली. नाव वाचता येत नव्हतं तिला, पण नावाची लाल अक्षरं मोजता आली असती.

अरे देवा. ऑपरेशननंतर लिलावाला ती आजच पहिल्यांदा उभी राहिली होती, आणि सकाळी वाकट्यांच्या मागे एक होडी लागत होती. तिच्यात पापलेट आहे का ते ती बघत होती. डोळ्याने आपल्या सोयीने काम केलं होतं, आणि कुलदीपने आपल्या सोयीने.

ती मटकन खाली बसली आणि मोठमोठ्याने हसायला लागली. डोकं शाबूत होतं! हेतल घाबरून पाणी आणायला धावली.

तेवढ्यात निकेश आला. बंदरावरची बातमी त्याच्या कानावर गेली होती, हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं.

"हसतेस काय? सगळं बंदर तुना हसतंय. पाच टोपल्या वाकट्या! बस झालं आता. सोमवारपासून जागेवर हेतल बसंल. कुलदीपला सांगून आलोय मी."

"मना कोणी इचारलं?" पाण्याचा तांब्या घेऊन हेतल दारात उभी होती. "मी लॉज सोडणार न्हाय."

"तू गप. आये, तुना दिसत न्हाय हे कबूल का करत न्हाईस?"

"दिसतंय मना. तुझ्या शर्टाचं वरनं दुसरं बटण तुटलंय ते इथनं दिसतंय."

"मग आज झालं काय ते सांग!"

इथेच तर पेच होता. सांगायचं म्हणजे खूण सांगायची. सासूने मरताना सुद्धा विचारलं होतं, कुणाला बोलली नाहीस ना? आणि नाही सांगितली, तर म्हातारीचं डोकं गेलं, हेच खरं ठरणार. तुळशी उठली, पडलेली वाकटी उचलली, दोनदा चुकून तिसऱ्यांदा दांडीवर बसवली.

"जागा माझी हाय," ती म्हणाली. "उठायचं का न्हाय ते मी ठरवीन. तू जेवून घे."

निकेश पाय आपटत आत गेल्यावर हेतल हळूच म्हणाली, "लांबचा चष्मा करून मिळंल म्हणाल्यात डॉक्टर. लिलावापुरता घालायचा. मग डोळा मिटावा लागणार न्हाय."

ही पोरगी हुशार आहे, कळलंय हिला, तुळशीच्या मनात आलं. पण त्या खाऱ्या वाऱ्यात, बर्फाच्या पाण्यात, धक्काबुक्कीत चष्मा?

"ज्या चष्म्याला न्हाय म्हटलं, तोच नाकावर घेऊन उभी राहू? न्हाय गो बाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेतलने तिला स्कूटीवरून बंदरावर सोडलं आणि काशीदला न जाता तिथेच उभी राहिली. निकेशही होडीवरून उतरून आला होता, आईला घरी न्यायच्या तयारीने. कुलदीपने काठी उचलली, तोच तुळशी टोपल्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"थांब रे. मना बोलायचंय."

बाया माना वळवून बघायला लागल्या. लिलावात बाई बोलते म्हणजे काय!

"काल चुकलं माझं," तुळशी म्हणाली. तिचा आवाज जरा फाटला, पण तिने तो सावरला नाही. "वाकट्या मना नको व्हत्या. पण बोली माझी व्हती, म्हणून घेतल्या. परत देणार न्हाय. आता ऐका. माझी खूण डावा डोळा. माझ्या सासूची पण तीच."

कुणाच्या तरी हातून तागडीचं पारडं पडलं. निकेश तोंड उघडं टाकून आईकडे बघत राहिला. एक म्हातारी "अगो, काय केलंस हे!" म्हणून पुटपुटली.

"व्हय, सांगितली! डॉक्टरनं या डोळ्याला जवळचं काम दिलंय. लांबचं बघायचं तर याला मिटावं लागतं. मी तो मिटणार. दिवसातनं शंभरदा मिटणार, आणि तेवढ्यासाठी कोणी माझ्या गळ्यात टोपली मारायची न्हाय. आजपासून मना पाहिजे तर मी तोंडानं सांगीन."

"तोंडानं?" कुलदीप गोंधळला. "मावशी, समद्यांना कळंल की. दर चढवतील."

"चढवूदेत. माझी जागा माझी. मी काय चोरी करायला उभी न्हाय."

पहिल्याच टोपलीला ते खरं झालं. पापलेट होतं, ताजं, चमकदार. तुळशी ओरडली, "तुळशी!" आणि लगेच कल्पिताने कसलीशी खूण केली असावी, कारण दर चढला. तुळशी पुन्हा ओरडली, दर पुन्हा चढला. पापलेट कल्पिताकडे गेलं. बाया एकमेकींकडे बघून हसल्या.

तुळशीच्या डोळ्यांत पाणी आलं. एक्केचाळीस वर्षं जपलेली सासूची वस्तू चारचौघींत उधळून टाकली होती, आणि बदल्यात हे. हेतल पुढे यायला निघाली, तर तिने हातानेच थांबवलं. पदराने दोन्ही डोळे पुसले, आधी लांबचा, मग जवळचा.

"पुढची लाव," ती म्हणाली.

चार हातांवर सुरमईची टोपली आली. तुळशीने डावा डोळा मिटला, सावकाश, सगळ्यांच्या देखत. सवयीने कुलदीपची काठी वर गेली आणि तशीच हवेत थांबली.

"बघतेय मी," तुळशी म्हणाली. "घाई करू नको."

ती बघत राहिली. मासळीचे कल्ले लाल होते, पाठ ताठ होती, टोपलीच्या फटीतून तळाशी दडवलेली एक शिळी होती तीही दिसली. सगळं बंदर तिचं बघणं संपायची वाट बघत उभं होतं. मग तिने डोळा उघडला.

"तुळशी!" ती ओरडली, आणि कल्पिताचा हात कुठे हलायच्या आत पुन्हा, पहिल्याहून मोठ्याने, "तुळशी!"