हिरवीगार भिंत

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर परतली तेव्हा कंट्रोल रूममधली भिंत हिरवीगार होती. ती जाताना होती तशीच. जणू मधल्या काळात जगात कुणी एक फोटोसुद्धा काढला नव्हता.

भिंत म्हणजे भिंतभर पसरलेला पडदा. त्यावर हजारो बारके चौकोन, आणि एकेक चौकोन म्हणजे पलीकडच्या गारठलेल्या हॉलमधली एकेक हार्ड डिस्क. डिस्क रिकामी असली की चौकोन हिरवा, भरत गेली की पिवळा, गळ्याशी आली की लाल. खाली एक पट्टी होती. तिच्यावरचा गोल डावीकडे ओढला की मागचे महिने दिसायचे, उजवीकडे आणला की आजचा दिवस. हे चित्र तिनेच बांधलं होतं, पोटातून लाथा खात खात. हॉल कसा भरत जातो ते आल्यागेल्याला एका नजरेत कळावं, एवढाच हेतू.

"कसं वाटतंय परत येऊन?" साहेबांनी विचारलं. "बाळ छान? झोपू देतं का? छान, छान."

साहेबांना सगळंच छान वाटायचं. त्यांच्या माघारी सगळे त्यांना छानसाहेबच म्हणत. एकदा छतातून पाण्याची धार थेट त्यांच्या टेबलावर लागली होती, तेव्हाही ते आधी छान म्हणाले आणि मग वर बघितलं, असं ऑफिसात सांगतात.

"सर, हा हॉल अजून हिरवाच कसा?"

"म्हणजे काय, तुमच्या माघारी आम्ही झोपा काढल्या? साफसफाई केली, मॅडम."

"कसली साफसफाई?"

"तुम्ही लगेच एवढं अंगाला लावून घेऊ नका. रुळा जरा. अर्धं डोकं घरी असणारच आता तुमचं. आम्ही समजून घेतो."

अर्धं डोकं! हे शब्द तिला दिवसभर चावत राहिले. जास्त झोंबलं ते अशासाठी, की ते खोटं नव्हतं. पोरीने दूध घेतलं का, नाक चोंदलंय का, पालथी पडून झोपली तर सासूबाईंच्या लक्षात येईल का, हे डोक्यात एकीकडे चालूच असायचं. पण उरलेलं अर्धं शाबूत होतं, आणि त्याला एक गोष्ट पटत नव्हती. या हॉलमध्ये दवाखान्यांचे एक्स-रे आणि स्कॅन ठेवलेले होते. दवाखाने रोज नवे काढतात आणि जुना एकही टाकत नाहीत. मग साफ केलं ते काय? कुणाची फुप्फुसं?

तिच्या जागी रजेपुरता एक गृहस्थ आला होता. जाडजूड मिशा, दोन मुलांचा बाप, मनाने सरळ. सगळे त्याला बदली म्हणत आणि तोही ओ द्यायचा. तिने त्याला कॉफीच्या मशीनपाशी गाठलं.

"मी काही पुसलं नाही हं, ताई. फक्त रंग जरा नीट बसवले."

"नीट म्हणजे कसे?"

"सांगतो ना. आलोच हं." आणि फोन कानाला लावून तो जो सटकला तो संध्याकाळपर्यंत दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला आंघोळ घालताना तिला पोरीच्या पोटावर लालभडक वळ दिसला. पोटाभोवती गोल, दोरी आवळल्यासारखा.

"आई, ही चड्डी हिला घट्ट होतेय!"

"घट्ट?" सासूबाई टॉवेल घेऊन आल्या. "छे गं! पहिल्यापासून हीच तर घालते. अगदी बरोबर बसते. इलास्टिक आहे ना, पोरीबरोबर ताणतं ते."

"पहिल्यापासून बरोबर बसते?"

"हो तर. आहेच छान ती चड्डी."

ती वळाकडे बघत राहिली. पोर वाढली तसं इलास्टिक पसरलं, आणि वरून बघणाऱ्याला चड्डी कायम बेताची. तिने ओलीच पोर सासूबाईंच्या हातात दिली.

"अगं, अंग तरी पुसू दे तिचं! एवढी कसली घाई?"

ऑफिसात पोचल्यावर पर्ससुद्धा न ठेवता तिने चित्राच्या पोटातली मांडणी उघडली. डिस्क किती भरली यावरून रंग ठरायचा, ती ओळच काढून टाकलेली. आता रंग ठरत होता तो बाकीच्यांवरून. त्या आठवड्यात सगळ्या डिस्क सरासरी जेवढ्या भरल्या असतील तेवढी भरलेली डिस्क हिरवी. लाल व्हायचं तर इतरांच्या फार पुढे जायला हवं. आणि सगळ्याच एकदम गळ्यापर्यंत आल्या, तर पुढे जाणार कोण? अख्खा वर्ग नापास, म्हणून अख्खा वर्ग पास. धोक्याची घंटा किती भरल्यावर वाजावी, तो आकडाही गुपचूप वर सरकवलेला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, सारखं लाल व्हायला लागलं होतं," बदली तिच्यामागे उभा राहून म्हणाला. आज त्याने फोन खिशातच ठेवला होता. "साहेब म्हणाले, लाल बघून पाहुणे घाबरतात, काहीतरी करा. म्हटलं, इतरांपेक्षा वेगळी असेल तेवढीच दाखवू. ही पद्धत काही चुकीची नाही. सगळीकडे वापरतात."

"बिघडलेली एखादी डिस्क शोधायला वापरतात! सगळ्याच भरत चालल्या असतील तर?"

"तर मग... सगळ्या सारख्याच ना."

"म्हणून हिरव्या?"

"म्हणून हिरव्या," तो म्हणाला, आणि स्वतःचंच बोलणं कानावर पडलं तसा मिशांसकट त्याचा चेहरा उतरला.

तिला दोन आठवड्यांपूर्वीचा दवाखाना आठवला. पोरीच्या छातीत घरघर होत होती. एक्स-रे काढून झालेला, पोर मांडीवर धापा टाकतेय, आणि डॉक्टरांच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. सिस्टीम आज जरा स्लो आहे, डॉक्टर म्हणाल्या होत्या. अखेर एक्स-रे उघडला. हॉल पुरता भरला की चक्रही फिरणार नाही. नवा एक्स-रे ठेवायलाच जागा नसेल. आणि तेव्हा मांडीवर कुणाचं पोर असेल कुणास ठाऊक.

ती छानसाहेबांच्या केबिनमध्ये शिरली. दुपारी मुख्य कार्यालयातून मोठ्या बाई येणार होत्या, त्यामुळे साहेब नवा टाय बांधून बसले होते.

"सर, एक्स-रेंचा हॉल भरत आलाय. डिस्क आजच मागवायला हव्यात. यायलाच काही महिने लागतात."

"आज? वर्षभर काही लागणार नाही असं मी त्यांना कळवून बसलोय!"

"मग चुकीचं कळवलंत."

"पुढच्या बैठकीत बघू ना. भिंत तर छान दिसतेय."

"भिंत खोटं बोलतेय, सर."

साहेबांनी मान तिरकी करून तिच्याकडे मायेने बघितलं. "मॅडम, एक सांगू? आई झाल्यापासून तुम्ही फार काळजी करायला लागलात. होतं असं. माझ्या बायकोचंही झालं होतं."

घरी काळजी केली की ती चांगली आई, इथे केली की डोक्यावर परिणाम! आणि ही भिंत नेमकी काळजी करायलाच तर उभी केली होती. तिचंच त्यांनी तोंड दाबलं होतं.

"तुमच्या बायकोला सांगा, तिचं बरोबर होतं," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

आपल्या खुर्चीत बसून तिने काढलेली ओळ जशीच्या तशी परत लिहिली. घंटेचा आकडा खाली आणला. हे बदल भिंतीवर चढायला दुपार होणार होती. बदली शेजारी येऊन बसला. "ताई, साहेब माझ्या नावाने खडे फोडतील."

"माझ्या नावाने फोडू देत. सवय आहे."

मोठ्या बाई आल्या त्या घाईतच. सपाट चपला, हातात चष्मा. छानसाहेबांनी भिंतीकडे पाठ करून हात पसरले. "या हॉलची परिस्थिती तर तुम्ही बघतच आहात, सगळं कसं छान—"

"हे लाल काय आहे?"

साहेब वळले. आणि नेमकी तेव्हाच घंटा वाजायला लागली.

"ते... मॅडम नुकत्याच रजेवरून आल्यात. रंगांचा काहीतरी घोळ केलाय. लहान बाळ आहे, झोप होत नाही त्यांची."

"झोप होत नाही, दिसतं मात्र नीट," ती म्हणाली. राग इतका वर आला होता की आवाज उलट शांत निघाला. "मी काही सांगत नाही. तुम्हीच बघा." आणि तिने पट्टीवरचा गोल ओढून ती रजेवर गेली त्या आठवड्यावर नेला. भिंत हिरवी झाली. मग तिने तो सावकाश उजवीकडे सरकवला. कडेचे चौकोन पिवळे झाले, मग मधले. ताप चढावा तशी लाली एकेका रांगेतून वर चढत गेली आणि आजच्या दिवसाशी येऊन थांबली. खोलीत फक्त घंटा वाजत होती.

"पूर्ण कधी भरेल?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नव्या डिस्क येण्याच्या आधी. आज मागवल्या तरी. तोवर बाकीच्या हॉलमध्ये जागा करून भागवावं लागेल. पुढच्या बैठकीपर्यंत थांबलो तर तेही जमणार नाही."

मोठ्या बाईंनी छानसाहेबांकडे नुसतं बघितलं, आणि तिथे उभ्याउभ्याच फोन लावून डिस्क मागवायला सांगितल्या. तेवढ्यात दारापाशी पोचलेल्या बाई वळल्या.

"आणि हो, आम्हाला कळलं ते ठीक. भिंतीवर मात्र ते आधीचं हिरवंच ठेवा. ग्राहक येत असतात."

"हो हो, लगेच करतो," छानसाहेब म्हणाले.

"नाही," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"भिंत हिरवीच हवी असेल तर रंगारी बोलवा आणि डबाभर रंग लावून घ्या. हे चित्र मी बांधलंय. माझ्या हातून ते खोटं होणार नाही, आणि दुसऱ्या कुणी केलं तर ज्यांचे एक्स-रे आत आहेत त्या दवाखान्यांना मी स्वतः फोन करीन."

मोठ्या बाईंनी चष्मा चढवून तिला एकदा नीट बघून घेतलं. "याबद्दल उद्या बोलू," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. उद्या काय बोलणार ते तिला कळत होतं. बदलीने मान खाली घालून घंटा बंद केली. रंगांना त्याने हात लावला नाही.

घरी पोचताच तिने कात्री मागितली. पोर रांगत तिच्या पायाशी आली. तीच चड्डी, वळ तिथेच. तिने चड्डी उतरवली आणि कमरेचं इलास्टिक कचकन कापून टाकलं.

"अगं, अगं! चांगली होती ना!" सासूबाई ओरडल्या.

"छान होती," ती म्हणाली, आणि वळावर तेल चोळायला बसली.