जिराफाच्या शेपटीचा गोंडा

मी शार्पनर बोलतोय. जरा दम धरा हं, गरगरतंय! आत्ताच सात पेन्सिली एकापाठोपाठ एक माझ्या तोंडात फिरल्या. फिरते पेन्सिल आणि भोवळ येते मला. पण खरं सांगू? त्या भोवळीतच माझी सगळी मजा आहे.

मला दोन भोकं आहेत, लहान पेन्सिलींचं आणि मोठं मेणखडूंचं. पोटाला पारदर्शक डबी आहे, त्यामुळे मी काय खाल्लं ते साऱ्या जगाला दिसतं. माझी मालकीण लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. तिची शिस्त कडक! खडू आधी फ्रिजमध्ये गार करायचे, म्हणजे टोक काढताना ते चुरत नाहीत. खडूनंतर एक साधी पेन्सिल फिरवायची, म्हणजे पात्याला चिकटलेलं मेण निघून जातं. माझ्या लेखी ते चूळ भरणंच. आणि पेन्सिली खाली पाडायच्या नाहीत, म्हणजे नाहीत.

घरात तिचे सासरेही आहेत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता हात स्वस्थ बसत नाहीत. मदतीची भारी हौस.

परवा मुखपृष्ठ द्यायचा दिवस होता. पानभर केशरी जिराफ! चार वाजता छापखान्याचा माणूस चित्र न्यायला येणार होता. त्या केशरी रंगाची पेन्सिल उरली होती एकच, तीही बोटभर. कंपनीनं तो रंग बनवणंच बंद केलं होतं.

मालकिणीनं ती माझ्या तोंडात घातली. दोन फेरे झाले आणि टुक! टोक मोडून माझ्या पोटात. पुन्हा फेरे, पुन्हा टुक. पाच वेळा तेच झालं. पेन्सिल निम्मी संपली, जिराफ अर्धा पांढराच.

"हे मेलं शार्पनरच बोथट झालंय!" ती कडाडली.

मी बोथट? चोर सोडून संन्याशाला फाशी! सकाळी मी टेबलावरून सगळं पाहिलं होतं. सासरे धूळ पुसत होते, कोपर लागलं आणि पेन्सिलींचा डबा धाडकन फरशीवर. पडलेली पेन्सिल बाहेरून धड दिसते, पण आतली रंगाची कांडी जागोजागी मोडलेली असते. त्यांनी पटापट सगळ्या पेन्सिली उचलून लावल्या आणि वर्तमानपत्र उघडून बसले. उलटं.

तेवढ्यात मी हवेत उडालो आणि थेट कचऱ्याच्या टोपलीत! घाबरलो हो मी. आता कसल्या पेन्सिली आणि कसली भोवळ?

"सूनबाई, थांब!" सासरे उठलेच. "त्याचा काही दोष नाही. डबा माझ्या हातून पडला. टाकायचंच तर मला टाक."

मालकिणीनं एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही टोपलीत मावणार नाही."

आणि दोघंही खो खो हसत सुटले.

मग धावपळ! पेन्सिल खिडकीतल्या कडक उन्हात ठेवली. उन्हानं रंगाच्या कांडीतलं मेण मऊ होतं आणि मोडलेली कांडी सांधली जाते, हे मालकिणीला ठाऊक होतं. सासऱ्यांनी मला झटकून, पुसून वर आणलं. पेन्सिल गार झाल्यावर मालकिणीनं ती हळूच फिरवली. टोक टिकलं! मान रंगली, पाय रंगले. शेपटीचा गोंडा तेवढा राहिला आणि पेन्सिल संपली. चाराला दहा मिनिटं कमी.

"बाबा, आता काय करू हो?"

सासऱ्यांनी डोळ्याला भिंग लावलं, माझी डबी उघडली आणि घड्याळाच्या चिमट्यानं सालपटांतून एक टोक उचललं. "अगं, याच्या पोटात पाच आहेत!"

मालकिणीनं चिमट्यातल्या त्या टोकांनीच गोंडा रंगवला. पाचवं टोक संपलं आणि दारावरची बेल वाजली.

हल्ली टोकं काढायचं काम सासऱ्यांकडे आहे. ते इतक्या सावकाश फिरवतात की भोवळसुद्धा झोपाळ्यासारखी येते. तुम्हाला एवढंच सांगतो, पेन्सिली पाडू नका. पाडल्याच, तर लगेच कबूल करा, नाहीतर टोपलीत आम्ही जातो! आणि कुठे केशरी जिराफ दिसला तर आधी शेपटी बघा. तो गोंडा माझ्या पोटातला आहे.