कळंब्याची बोलकी म्हस

२००१ साली कोल्हापुरातल्या एका केबलवाल्यानं दर रविवारी सकाळी ‘गंडला रे गंडला’ हा मुलांचा कार्यक्रम सुरू केला. एका पोरानं आपल्या दोस्ताला गंडवायचं, ते लपवलेल्या कॅमेऱ्यानं टिपायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून हसायचं, एवढाच तो कार्यक्रम. शिवप्रसाद नावाचा माणूस तो चालवायचा. एरवी तो लग्नाचं शूटिंग करायचा, त्यामुळं न हसणाऱ्या लोकांना हसवायची त्याला सवय होती.

पाचवीतल्या अभिरामनं आपलं नाव दिलं आणि गंडवायला मल्लेशला निवडलं. मल्लेश हा शाहूपुरीतल्या नागाप्पा गूळवाल्यांचा मुलगा. पहिलीपासून दोघं एकाच बाकावर बसत.

बेत साधा होता. कळंब्याला बनाबाईंच्या गोठ्यात म्हस बोलणार. गव्हाणीखाली स्पीकर, वैरणीत कॅमेरा आणि भिंतीमागं माईक घेऊन शिवप्रसाद. शेजारी अभिराम आणि बनाबाई. पोरगं घाबरून पळणार, जमलं तर शेणात घसरणार, अशी शिवप्रसादची अपेक्षा होती.

“तू हितं थांब, मी पाणी पिऊन येतो,” असं सांगून अभिराम भिंतीमागं गेला. मल्लेश म्हशीसमोर एकटा उरला.

“मल्लेश,” शिवप्रसादनं बारीक आवाज काढला. “ए मल्लेश.”

मल्लेशनं म्हशीकडं पाहिलं. म्हस रवंथ करत होती.

“व्हय,” तो म्हणाला.

“मी म्हस बोलतीया.”

“बोला की.”

यापुढचं शिवप्रसादनं ठरवलेलं नव्हतं. त्यानं थोडा वेळ काढण्यासाठी विचारलं, “तुला काय इच्यारायचं हाय का?”

मल्लेशनं पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. “एक इच्यारायचं हाय. अभिराम गाव सोडून जाणार हाय काय? त्याच्या घरात खोकी बांधून ठेवल्यात. तो काय बोलत न्हाय.”

शिवप्रसादनं अभिरामकडं पाहिलं. अभिराम जमिनीकडं बघत होता. त्याच्या बँकेतल्या वडिलांची बदली झाली होती, महिन्यापूर्वीच. शिवप्रसादनं माईक त्याच्या हातात दिला.

अभिरामनं तो तोंडाशी धरला आणि म्हस म्हणाली, “व्हय. परीक्षा झाली की जाणार.”

“कुठं?”

“नांदेडला.”

“लई लांब हाय?”

“लांबच हाय.”

“मग त्यानं सांगितलं का न्हाय?”

म्हशीनं शेपटीनं माशा हाकलल्या. “सांगितलं की खरंच जायला लागंल, असं वाटलं त्याला.”

मल्लेशनं मान हलवली. “बरं,” तो म्हणाला.

“आता आवरा,” बनाबाई भिंतीमागनं म्हणाल्या. “धारंची येळ झाली.”

शिवप्रसाद टोपी घालून बाहेर आला आणि ‘गंडला रे गंडला’ म्हणाला. कुणी हसलं नाही.

“आता मी काय करायचं?” मल्लेशनं विचारलं.

“हसायचं.”

मल्लेश हसला. अभिरामला जमलं नाही.

परतताना दोघं सायकल ढकलत होते.

“तुझा आवाज वळखला मी,” मल्लेश म्हणाला.

“मग म्हशीसंगं बोलत कशाला बसलास?”

“म्हस सांगत हुती. तू सांगत नव्हतास.”

रविवारी टीव्हीवर मल्लेशचं ‘बोला की’ आणि शेवटचं हसणं एवढंच दिसलं. मधलं शिवप्रसादनं कापून टाकलं होतं. शाळेत महिनाभर मल्लेशला पोरं “बोला की” म्हणत. तोही बोलायचा.

परीक्षा संपली आणि ट्रक आला. मल्लेशनं भांड्यांची खोकी वर चढवायला मदत केली. आई रेल्वेनं पुढं गेली होती. ट्रकात अभिराम, त्याचे वडील आणि मधे मल्लेश बसला. शिरोली नाक्यापर्यंत जाऊ द्या, असं त्यानं आधीच मागून घेतलं होतं. वाटेत अभिरामनं नांदेडबद्दल आपल्याला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. फार नव्हतं.

नाक्यावर मल्लेश खाली उतरला. मागनं नागाप्पा स्कूटर घेऊन आले होते.

“ड्रायव्हरमामा,” मल्लेश म्हणाला, “कपाटाचा आरसा ढिला हाय. जरा दमानं जावा.”

ट्रक सुटला. ड्रायव्हरनं खरंच गाडी दमानं घेतली, त्यामुळं ती दिसेनाशी व्हायला बराच वेळ लागला. तोवर नागाप्पांनी स्कूटर चालू केली नाही.