योगराज महाराजांचा संगणकमंत्र

सोनगीरजवळच्या एका गावात वाचनालयासमोर अख्खं गाव लोटलं होतं. आत संगणकाच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर धावत होती आणि योगराज महाराज उदबत्ती ओवाळत पुटपुटत होते, "ॐ कन्फिगराय नमः! ॐ मेकाय नमः!"

"देखा, बठ्ठं आपेआप लिखाई राह्यनं!" आपोआप उमटणारी अक्षरं पाहून वाचनालयाचे अध्यक्ष सुकदेवनानांनी हात जोडले.

ग्रंथपाल कुंदाबाई मात्र बाहेर, खिडकीशी उभ्या होत्या. बावीस वर्षं सांभाळलेल्या वाचनालयात आज त्यांनाच बंदी होती. काल महाराज पुस्तकांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर बसवत असताना पडदा मध्येच थांबला, तेव्हा ते गरजले होते, "यंत्रावर बाईची सावली पडली!" आज त्या बाहेर होत्या आणि काम फत्ते झालं. त्यांच्या जागी आता पुरुष नेमायचं घाटत होतं.

कुंदाबाईंना रडू फुटत होतं. पण महाराजांनी आरंभी गुपचूप पेन ड्राइव्ह लावलेला त्यांनी खिडकीतून पाहिला होता. शिवाय काल पडद्यावर उमटलेली शेवटची ओळ त्यांनी वहीत उतरवून घेतली होती. गर्दी पांगल्यावर आपल्याजवळच्या किल्लीने आत जाऊन त्यांनी संगणक सुरू केला. त्यात 'आधी हे वाचा' अशा अर्थाच्या नावाची एक इंग्रजी फाइल होती. शब्दकोश घेऊन त्या वाचायला बसल्या. आधी एक पूरक फाइल बसवा, मग 'कन्फिगर', 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' या तीन आज्ञा द्या, इतकंच त्यात होतं. वहीतली ओळही तेच सांगत होती: ती पूरक फाइल सापडत नाही. आज महाराजांनी पेन ड्राइव्हमधून गुपचूप बसवली होती ती हीच!

दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत कुंदाबाईंनी महाराजांनी बसवलेलं सगळं पुसलं, पूरक फाइलही काढून आपल्याकडे ठेवली आणि सर्वांसमोर विनंती केली, "महाराज, पुन्हा एकदा दाखवा की. मी बाहेरच थांबते."

महाराज फुलले. मंत्र झाला, उदबत्ती झाली. पडदा थांबला तो थांबलाच.

"बाईची सावली..."

"महाराज, आठे एक बी बाई नही शे," खोलीभर नजर फिरवून नानाच म्हणाले.

कुंदाबाई आत आल्या. त्यांनी पूरक फाइल परत बसवली आणि तीन आज्ञा टंकल्या. अक्षरं सरसर धावू लागली.

"अक्का, मंतर कोणता?"

"मंतर नही, नाना. मी फक्त लिखेल व्हतं ते वाचं." मग त्यांनी सगळ्यांना समजावलं. "हे सॉफ्टवेअर माणसांनीच लिहिलंय. पहिली आज्ञा लागणारं सगळं आहे का ते तपासते, दुसरी त्या लिखाणातून चालणारा प्रोग्रॅम घडवते, तिसरी तो जागेवर बसवते. धावणाऱ्या ओळी म्हणजे यंत्राने सांगितलेला कामाचा हिशोब. काही कमी पडलं तर तेही त्यातच येतं."

मागे वळून पाहिलं तर महाराज पसार झालेले! नानांनी मान खाली घालून कुंदाबाईंची खुर्ची पुढे सरकवली आणि बाहेर खिडकीशी ताटकळलेल्या गावातल्या पोरींनाही आत बोलावलं.

तेव्हा मंडळी, यंत्राला बाई-पुरुष कळत नाही. हा भेद आपण करतो. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर वाचनालय सकाळी आठला उघडतं. कुंदाबाई तिथेच असतात.