एक बॉल बाकी

अंकित माझा जिवाभावाचा दोस्त. मग त्याने माझ्या बहिणीशी, रुचिकाशी, लग्न केलं आणि आमचा जावई झाला. यात सगळ्यांचा फायदा झाला, नुकसान माझं एकट्याचं.

आधी वर्ध्यातल्या आमच्या घरी तो रोज यायचा. मला वाटायचं, प्लेस्टेशनवरच्या क्रिकेटसाठी येतो. कशासाठी येत होता, ते पत्रिका छापायला टाकल्यावर कळलं. तेव्हापासून दहा वर्षं हा पुलगावहून येतो, सोफ्याच्या काठावर बसतो आणि "नको, पुरे" म्हणतो. मी त्याला 'जावईबापू, तुम्ही' म्हणावं, असा आईचा हुकूम. ज्याच्यासोबत एका ताटलीत चिवडा खाल्ला, त्याला तुम्ही!

यंदा अधिक महिन्यात आईने लेक-जावयाला धोंड्याचं जेवायला बोलावलं. तांब्याचं ताट शोधायला माळा उपसला, तर प्लेस्टेशन हाती लागलं. धूळ झटकून जोडलं आणि पठ्ठं चालू झालं. मेमरी कार्डात आमची शेवटची मॅचही तशीच होती. मला एका बॉलमध्ये तीन रन हवे, शेवटची जोडी मैदानात, बॉलिंग अंकितची. त्या दिवशी रुचिका चहा घेऊन आली आणि याने "उद्या खेळू" म्हणत मॅच सेव्ह केली होती.

पुरणाचे धोंडे खाऊन झाले, तेहतीस अनारशांचं वाण देऊन झालं. मग मी त्याच्या हातात एक रिमोट ठेवला आणि दुसरा घेऊन फरशीवर बसलो.

"जावईबापू, आपला एक बॉल राह्यला."

"नको, राहू द्या," तो म्हणाला. पण अंगठा बटणावर गेलाच.

आई पदराला हात पुसत धावली. "काऊन रे रोशन, हे काय करून राह्यला? अधिकातला जावई म्हणजे नारायण. त्याले हरवतेत का कोणी?"

"आई, एकच बॉल हाय."

"मंग एकच सोडून दे ना!"

रुचिका म्हणाली, "नारायण घरी भांडे घासते, आई. काई नाई होत."

बॉल पडायच्या जागी पिवळा ठिपका सरकू लागला. सोडून दिला असता, तर आई खूश झाली असती. पण मग हा जन्मभर सोफ्याच्या काठावरच बसला असता. समोर असूनही मला त्याची फार आठवण येत होती.

मी बटण दाबलं. बॉल थेट बाऊंड्रीबाहेर.

आईने "नारायण, नारायण" म्हणत गालात मारून घेतलं. अंकितने रिमोट सोफ्यावर आपटला.

"अबे रोशन्या! बॉल सुटाच्या आधीच बॅट फिरवली बे तुनं! पयल्यापासून चिटर हायेस साल्या!"

"हरला तं हरला म्हण ना!"

"दुसरी लाव. अन् सरक तिकडे," म्हणत तो धपकन माझ्या शेजारी फरशीवर बसला.

मी सरकलो. इतक्या खुशीने मी कधीच कुणासाठी सरकलो नव्हतो.